दोन वर्षं झाली म्हणून 'जैसे थे' आपोआप उठतो का?

तुमचा प्रश्न असा की चुलत्यांनी सोलापूरच्या जुन्या घरावर दोन वर्षांपूर्वी जैसे थे (आहे ते तसंच ठेवा, असा कोर्टाचा तात्पुरता मनाई आदेश) आणलाय, माळवद गळतंय, आणि आता आदेशाची मुदत संपली असेल तर काम काढावं का. थांबा, काम काढू नका. आमच्या बाळीवेशीतल्या घराचा दावा चालू आहे म्हणून यातलं बरंच कळलंय.

आधी निशाणी 5, म्हणजे दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या आदेशाची नक्कल काढा आणि शेवटची ओळ नीट वाचा. 'पुढील तारखेपर्यंत' लिहिलं असेल आणि कोर्टाने पुढे वाढवलाच नसेल तर तो संपला, पण वाढवलाय की नाही ते रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. 'दाव्याच्या निकालापर्यंत' किंवा 'पुढील आदेश होईपर्यंत' असेल तर दावा दहा वर्षं चालला तरी तो लागू.

सहा महिन्यांत आदेश आपोआप उठतो असं लोक सांगतात ना, ते 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून आलंय. तो खालच्या कोर्टातल्या कामकाजाला मिळणाऱ्या स्टेबद्दल (स्थगितीबद्दल) होता आणि 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोही फिरवला, त्यामुळे ते डोक्यातून काढा. तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई दिली असेल तर 30 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो, नाही जमलं तर कारण नोंदवायचं, पण 30 दिवस उलटले म्हणून मनाई गळून पडत नाही.

गळतीचं म्हणाल तर वकिलांना सांगून डागडुजीच्या परवानगीचा अर्ज टाका. कुठली तुळई वाकलीय, कुठल्या खोलीत पाणी येतं त्याचे फोटो आणि इंजिनिअरचं एस्टिमेट जोडा, आणि फक्त दुरुस्ती, नवीन बांधकाम नाही, भिंत हलवणार नाही असं स्पष्ट लिहा. गरज वाटली तर कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करा म्हणा. आदेशच चुकीचा वाटत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 रूल 4 खाली तो रद्द करा किंवा बदला असाही अर्ज करता येतो.

परवानगीशिवाय पत्रे टाकले आणि समोरच्याने त्याच ऑर्डरचा रूल 2ए (मनाई मोडल्याबद्दलची कारवाई) लावला तर प्रॉपर्टी जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या वयात ते दाखवू नका हो.

दावा फेटाळला गेला तर अंतरिम मनाई तिथंच संपते, समोरच्याने अपील केलं तर त्याला तिथं नव्याने मागावी लागते.