नैराश्याच्या गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवरचा विश्वास कमी असणं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, त्याला आता दीड वर्ष होत आलं. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्यांनी झोप थोडी सुधारली. पण प्रार्थना-गटातल्या बहिणी म्हणतात की खरा विश्वास असता तर एव्हाना बरं वाटलं असतं, गोळ्या सोडा आणि उपास-प्रार्थनेला बसा. इकडे तुम्हाला प्रार्थनाच जमेनाशी झाली आहे, शब्द फुटत नाहीत. दोष माझ्या विश्वासाचा आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. आणि कुणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश वाचा.

मी अहमदनगरकडची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. सगळी नोकरी परिचारिका म्हणून केली, त्यातली बरीच वर्षं प्रसूती विभागात. माझे पती गेल्यावर मी स्वतःही या गोळ्या घेतल्या आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलते आहे.

आधी शरीराचं. सातव्या महिन्यात बाळ गेलं तरी आईच्या शरीराला ते कळत नाही. दोन-तीन दिवसांनी दूध येतं. मांडीवर बाळ नाही आणि छाती भरून आलेली, हे मी इतक्या बायांच्या बाबतीत पाहिलंय की दुःख फक्त मनाचं असतं असं मला कुणी सांगू नये. गरोदरपणानंतर काही जणींचं थायरॉईड बिघडतं, रक्त कमी झालेलं असतं, आणि या दोन्हींमुळे थकवा येतो, उदास वाटतं. या तपासण्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. गोळ्यांबद्दल सांगायचं तर त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. एकदम सोडल्या तर चक्कर येते, जीव घाबरा होतो, झोप पुन्हा उडते आणि दबलेला आजार वर येऊ शकतो. मग हेच लोक म्हणतील, बघा, हिचा विश्वास डळमळला. गोळी कमी करायची असेल तेव्हा डॉक्टर ती हळूहळू उतरवत नेतील. तो निर्णय त्यांच्या खोलीत व्हायला हवा, प्रार्थना-गटाच्या सतरंजीवर नव्हे.

आता विश्वासाचं. तुमच्या गटातल्या बहिणी शास्त्राचा आधार घेत असतील, म्हणून मीही तिथूनच बोलते.

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, त्यानं प्रार्थना केली, देवानं ऐकली आणि यशया संदेष्ट्याच्या तोंडून निरोप पाठवला की मी तुला बरं करतो. इथवरची गोष्ट साक्ष देताना सगळे सांगतात. पुढचं एक वाक्य मात्र सुटून जातं. यशयानं अंजिरांची ढेप आणायला सांगितली, ती राजाच्या गळवावर बांधली आणि मग राजा बरा झाला. '२ राजे' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे, उघडून बघा. देवाचा शब्द मिळालेला असूनही औषध बांधलंच, आणि त्यामुळे हिज्कीयाचा विश्वास कमी होता असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. प्रेषित पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

आपल्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या लोकांनी, तर हे विसरूच नये. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांचं हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मिशनरी डॉक्टर आयडा स्कडरबाईंनी १९०० साली छोट्या दवाखान्यापासून सुरू केलं. तिथल्या मनोविकार विभागात रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि दोघांना मिळून आजार समजावून दिला जातो. ही सगळी माणसं गुडघे टेकून प्रार्थना करणारीच होती. ज्या समाजाची निम्मी ओळख दवाखाने आणि शाळांनी घडली, त्याच समाजात आज एखाद्या आईला गोळीची लाज वाटायला लावतात, याचा मला फार राग येतो.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुमच्यासाठी जास्त जवळची आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाला, आणि दुसऱ्याच अध्यायात हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीनं जीव घेऊन पळतो, बैर-शेबाच्या पलीकडे रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, परमेश्वरा, माझा जीव घे. संदेष्टा आहे तो! देवानं त्याला काय उत्तर दिलं? प्रवचन दिलं नाही, विश्वासाबद्दल विचारलं नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं हात लावून उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खायला घातलं आणि म्हणाला, तुला पुढे लांब जायचंय. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर झालं, तेही हळू आवाजात. 'मी एकटाच उरलो' असं तो म्हणत राहिला, तर देवानं त्याला अलीशा नावाचा शिष्य सोबतीला दिला. झोप, जेवण, सोबत, मग काम. हा क्रम मी वॉर्डातही पाहिला आहे.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येते, प्रार्थना होत नाही म्हणता ना.

स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं घ्या. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश रडगाणी आहेत, गाऱ्हाणी आहेत. 'कुठवर, परमेश्वरा, कुठवर' असं तेरावं स्तोत्र पुन्हा पुन्हा विचारतं. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळत नाही. ते सुरू होतं रडण्यानं आणि संपतं अंधारात. त्याला गोड शेवट जोडावा असं कुणालाही वाटलं नाही, ते तसंच शास्त्रात राहिलं आणि हजारो वर्षं उपासनेत वाचलं गेलं. ते वाचणं ही प्रार्थनाच आहे. तुमच्याकडे शब्द नसतील तर हे शब्द वापरा. मोठ्यानं वाचा, स्वयंपाकघरात वाचा, मधेच थांबलात तरी चालेल. आणि तेवढंही झालं नाही तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आहे. काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं पौल लिहितो. तुम्ही रात्री नुसत्या कण्हत असाल तर ते वाया जात नाही.

आपल्या मराठी कानाला देवाशी भांडणं काही नवं नाही. नामदेव विठ्ठलावर रुसतात, तुकोबा त्याला खडे बोल सुनावतात. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. मग आपल्याच प्रार्थनासभांमध्ये रडणाऱ्या बाईला लगेच 'हालेलुया म्हणा' असं का सांगतात, मला समजत नाही. विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक आपल्या शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभूनंही स्तोत्रातलंच गाऱ्हाणं उच्चारलं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी तो रडला, आणि तेही थोड्याच वेळात लाजराला उठवणार हे ठाऊक असताना. पुढे पुनरुत्थान आहे म्हणून आत्ताचं रडणं अविश्वासाचं ठरत असतं तर तिथे येशू रडला नसता.

आणि राहेल. मत्तय आपल्या शुभवर्तमानात हेरोद राजानं मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांबद्दल लिहिताना यिर्मयाची ओळ घेतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि ती सांत्वन घ्यायला तयार नाही, कारण ती मुलं आता नाहीत. तिला कुणी दटावत नाही. दीड वर्षात सावरलं पाहिजे असा हिशेब तिच्यापुढे कुणी मांडत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याकडे प्रवचनांत फार येतं. केडगावचं निराधार बायांसाठीचं मुक्तिसदन, मोठा विश्वास, मोठं काम. पण त्यांचं दुःख दोन वाक्यांत उरकतात. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ साली, पती पटकीनं गेले आणि मांडीवर तान्ही मनोरमा. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणि बाया त्यांनी केडगावला आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतल्या आणल्या. प्रार्थना तिथे अखंड चालायची, १९०५ चं केडगावचं जागरण, म्हणजे प्रार्थनेतून उसळलेली श्रद्धेची लाट, तर प्रसिद्धच आहे. पण त्याच आवारात अन्न होतं, औषधपाणी होतं, शाळा होती, विणकाम, शेती आणि छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. दुष्काळात स्वतः उपाशी फिरलेल्या बाईला माहीत होतं की नुसत्या वचनानं पोट भरत नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्याही गेल्या. त्यांचा विश्वास कमी होता म्हणून इतकी माणसं गेली, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग तुमच्याबाबत ते इतक्या सहज कसं म्हणवतं?

शिष्यांनीही एकदा असाच प्रश्न विचारला होता. जन्मांध माणूस दिसला आणि ते म्हणाले, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, ह्याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. कुणी तुमच्या घरातला शाप शोधायला लागलं, 'सासरकडच्या जुन्या पूजेमुळे झालं' असं काही बोललं, तर योहानाचा नववा अध्याय त्यांच्यापुढे ठेवा आणि तिथून उठा.

त्या गटातल्या बहिणी वाईट आहेत असं मला वाटत नाही. दुसऱ्याचं दुःख समोर असलं की आपल्याला भीती वाटते आणि आपण कारण शोधतो. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही तेच झालं. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी चांगलं केलं. तोंड उघडल्यावर मात्र देवालाच त्यांचा राग आला. तुमच्या बहिणींना मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण करून द्या. चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडलं, आणि येशूनं 'त्यांचा विश्वास पाहून' त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही. आजाऱ्याला प्रार्थना जमत नसेल तेव्हा बाज उचलायचं काम मंडळीचं असतं. त्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना करावी, तुमची परीक्षा घेऊ नये. एखादीनं मंगळवारी डबा आणून दिला, एखादी तुमच्यासोबत दवाखान्यात येऊन बाकावर बसली, तर ती मोठीच प्रार्थना झाली. हे त्यांना एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगता येत नसेल तर पाळकसाहेबांच्या किंवा त्यांच्या बाईंच्या कानावर घाला. तरीही फरक पडला नाही तर काही महिने त्या गटात न जाता नुसतं रविवारच्या उपासनेला जा. मागच्या बाकावर बसा, प्रभुभोजन घ्या, घरी या. साक्ष द्यायला उभं राहण्याची सक्ती कुणी केली तर नाही म्हणा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. बाळाला नाव ठेवलं होतं का? त्याच्यासाठी प्रार्थना झाली का? आपल्याकडे असं बाळ घाईघाईनं कुणीतरी पुरुष माणसं नेऊन पुरून येतात, आईला दाखवतसुद्धा नाहीत, आणि नंतर घरात त्याचा उल्लेखच बंद होतो. तसं झालं असेल तर पाळकसाहेबांना घरी बोलवा, बाळाचं नाव घेऊन छोटी प्रार्थना करायला सांगा. दीड वर्षानंही करता येते. ईस्टरच्या पहाटे आपण सगळे कब्रस्तानात जातो, तेव्हा त्याच्या नावाची मेणबत्तीही लावा. तुमच्या यजमानांनाही यात सोबत घ्या, कारण बापाचं दुःख कुणी विचारतच नाही.

श्रद्धेनं माणूस बरं होतं का, हेही तुम्ही विचारलंय. माझं प्रामाणिक उत्तर असं: मला रोज रात्री कुणाशी तरी भांडता आलं, आणि तो कुठे गेला नाही. गोळीमुळे झोप लागली, झोप लागल्यामुळे भांडायची ताकद आली. पतींची आठवण आजही दुखते. पौलानं शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच मिळालं. हे उत्तर मला तेव्हा अपुरं वाटायचं. आता वाटत नाही, पण तुम्हाला ते आजच पटलं पाहिजे असा माझा आग्रह नाही.

शेवटी एक, आणि हे टाळू नका. जगणं नको वाटतंय, बाळाकडे जावंसं वाटतंय असे विचार येत असतील तर ते पाप म्हणून लपवू नका, एलीयानंही ते बोलून दाखवले होते. त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. आणि डॉक्टरांकडची पुढची तारीख चुकवू नका. जाताना यजमानांना सोबत न्या, थायरॉईडचं विचारा, आणि गट काय म्हणतो तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.