कोर्ट फी जाते कुठे, आणि कोर्ट चालतं कुणाच्या पैशावर?

खानापूरच्या भावाने विचारलंय की जमिनीच्या दाव्यात कोर्ट फी भरूनही कोर्टात माणसं कमी का, आणि आपल्या घरपट्टीतलं काही कोर्टाला जातं का. बेळगावात वीस वर्षं वकिलांकडे कारकुनी केली, म्हणून सांगतो.

घरपट्टीतला रुपयाही जात नाही. ग्रामपंचायतीवर किंवा महापालिकेवर कोर्ट चालवायची जबाबदारीच नाही. तालुक्याच्या कोर्टातले न्यायाधीश, शिरस्तेदार, बेलिफ, सगळ्यांचा पगार कर्नाटक सरकारच्या तिजोरीतून निघतो आणि तो खर्च दरवर्षी विधानसभेने मंजूर करायचा असतो. हायकोर्टाचं तसं नाही. राज्यघटनेच्या कलम २२९ ने त्याचा प्रशासकीय खर्च थेट राज्याच्या संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यावर टाकलाय. आमदारांना त्यावर बोलता येतं, मतदान करता येत नाही. धारवाडचं खंडपीठ त्यातच आलं. खालच्या कोर्टांना हे संरक्षण नाही. गोरगरीब पहिल्यांदा ज्या दारात येतो, त्या कोर्टालाच दरसाल सरकारकडे मागावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कोर्ट फी ठरते कर्नाटकच्या १९५८ च्या कायद्याने, आणि ती जमा होते सरकारी खजिन्यात. कोर्टाच्या हातात ती राहत नाही. त्यामुळे कितीही दावे दाखल झाले तरी त्या पैशातून एक कारकून वाढत नाही. आणि ते योग्यच आहे. पक्षकाराच्या फीवर कोर्टाचं पोट असतं, तर मोठ्या दाव्यांनाच आधी तारीख मिळाली असती.

माणसं वाढवायची तर नवीन पदाला राज्याच्या अर्थ खात्याची मंजुरी लागते. मंजूर जागा रिकाम्या असतील तर न्यायाधीशांची भरती हायकोर्ट करतं, कारकून-शिपायांची जिल्हा न्यायालय. निवेदन देताना पद नवीन हवंय की मंजूर जागा रिकामी आहे, हे आधी विचारून घ्या, नाहीतर कागद नुसता फिरत राहतो.

इमारतींसाठी १९९३-९४ पासून केंद्राची योजना आहे. आपल्याकडे ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. संगणकाचं काम ई-कोर्ट्स या केंद्राच्या योजनेतून होतं, त्याच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले.

तुमच्या कामाचं आता. दाव्यात आई किंवा बहीण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारात 'कानूनु सेवा समिती' (कायदेविषयक मदतीची समिती) अशी कन्नड पाटी दिसेल, तिथे साधा अर्ज द्या. आणि भाऊबंदांत लोक अदालतीत, म्हणजे समेटाने दावे मिटवतात तिथे, तडजोड झाली, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पावती जपून ठेवा.