एकच कोर्स घ्या, पण आधी मधला धडा उघडून बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. नोकरी सांभाळून जर्मन शिकायचं मनावर घेतलंय. क्लासच्या वेळा जमत नाहीत, म्हणून घरीच. रोज पाऊण तास नक्की काढू शकते. सध्या एका ॲपवर सराव करते आणि बरेच दिवस एकही खाडा केलेला नाही. पण परवा ऑनलाइन मीटिंगमध्ये एका जर्मन सहकाऱ्याने सहज विचारलं, ‘कशा आहात?’ तर तोंडातून शब्द फुटेना. आता शोधायला गेले तर ॲप, ऑडिओ कोर्स, जाडजूड पुस्तकं, व्हिडिओ, सगळ्यांचा दावा एकच: आमचंच घ्या. अगदी नवख्या माणसाने नेमकं काय घ्यावं?
— एक वाचक

उत्तर : खाडा न करण्याची सवय सोडू नका, ती पुढे उपयोगी पडेल. शब्द का फुटला नाही ते मात्र सरळ आहे. ॲपने तुम्हाला समोरच्या चार पर्यायांतून बरोबर शब्द उचलायला शिकवलं. मीटिंगमध्ये समोर पर्याय नव्हते. शब्द ओळखता येणं आणि वेळेवर आठवणं ही दोन वेगळी कामं, आणि दुसऱ्याचा सराव तुमच्याकडून कुणी करूनच घेतला नाही.

मी वर्षानुवर्षं जर्मन शिकवते आहे, म्हणून शिक्षकांचं गुपित सांगते. क्लासमध्ये आम्ही जे शिकवतो ते बहुतेक सगळं पुस्तकात असतंच. आमचा खरा उपयोग म्हणजे मध्येच टोकणं. ‘टिश’ म्हणजे टेबल, जर्मनमध्ये पुल्लिंगी, म्हणून त्याच्याआधी ‘डेर’ लागतं. तुम्ही ‘डी टिश’ म्हणालात की ‘डेर!’ असं लगेच कानावर येतं. घरी टोकणारं कुणी नाही. म्हणून कुठलाही कोर्स हातात घेतलात की पहिला प्रश्न हा विचारा: इथे माझी चूक कोण पकडणार?

या एका प्रश्नावर निम्मा बाजार गळतो. हुबर, क्लेट, कॉर्नेलसेन या जर्मन प्रकाशकांची देखणी पुस्तकं बघून भुरळ पडते. पुस्तकं चांगलीच आहेत, पण ती लिहिली वर्गासाठी. सूचनासुद्धा जर्मनमध्ये, दर दुसरा स्वाध्याय ‘जोडीदाराशी बोला’, पाठ्यपुस्तक वेगळं, स्वाध्यायपुस्तक वेगळं आणि उत्तरं बऱ्याचदा तिसरीकडेच. एकटीने शिकणाऱ्या बाईने जोडीदार कुठून आणायचा? अशी पुस्तकं घ्यायचीच असतील तर स्वाध्यायपुस्तक, उत्तरं आणि ऑडिओ हे तिन्ही हाती लागल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता निवडीची माझी पद्धत. पहिला धडा कुणाचाही गोडच असतो: नाव सांगा, गाव सांगा, टाळ्या. तो बघूच नका. थेट मध्ये जा आणि ‘डेर’चं ‘डेन’ कुठे होतं ते शोधा. ‘डेर काफे’ म्हणजे कॉफी, पण ‘इष ट्रिंके डेन काफे’, मी कॉफी पिते; कॉफी वाक्यातलं कर्म झाली की ‘डेर’चं ‘डेन’. नवशिक्याच्या वाटेतला हा पहिला खरा चढ. त्या पानावर काय दिसतं? दोन-चार ओळींत नीट समजावलंय का? लगेच वाक्यं आहेत का, आणि ती ऐकता येतात का? गाळलेल्या जागा भरल्यावर उत्तर पडताळता येतं का? आणि स्वतःचं एखादं वाक्य तुमच्याकडून करून घेतलंय का? चारही असतील तर तो कोर्स डोळे मिटून घ्या. नुसतं ‘डेन’ टपकलं आणि धडा पुढे गेला, तर तो कोर्स सोबतीला ठेवा. त्याच्या भरवशावर राहू नका.

नावंच हवी असतील तर माझा कौल डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या ‘निकोस वेग’ला. फुकट आहे, ए१ ते बी१ पर्यंत जातो (भाषेच्या पायऱ्या: ए१ पहिली, मग ए२, मग बी१). निको नावाचा तरुण जर्मनीत उतरतो आणि विमानतळावरच त्याची बॅग हरवते, तिथून गोष्ट सुरू. छोटे व्हिडिओ, लगेच स्वाध्याय, लगेच तपासणी. तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्रांचं ‘फाउहाएस लेर्नपोर्टाल’ही फुकट आहे, जरा शाळकरी वळणाचं, पण काटेकोर. तोंड उघडण्याची भीती घालवायला पिम्सलरची अर्ध्या तासाची ऑडिओ सत्रं चांगली: आधी तुम्हाला बोलावं लागतं, मग बरोबर वाक्य ऐकू येतं. मात्र वाचन-लेखन त्यात नावापुरतंच. तुमच्यासाठी ‘निकोस वेग’ हा मुख्य कोर्स आणि शब्दांसाठी आंकीसारखं फ्लॅशकार्डांचं ॲप, एवढं पुरे. कार्डावर नुसतं ‘टिश’ लिहू नका. ‘डेर टिश, डी टिशे’ असं लिंग आणि अनेकवचनासकट लिहा. सध्याचं ॲप बसमध्ये खेळा.

आणखी एक गोष्ट या कोर्सवाल्यांना ठाऊक नसते: तुम्हाला मराठी येते. बहुतेक कोर्स इंग्रजी बोलणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून समजावतात. तीन लिंगं असतात म्हटल्यावर तो बिचारा हबकतो. आपण तो, ती, ते करतच मोठे झालो. (कुठल्या शब्दाला कुठलं लिंग, ते मात्र नव्याने पाठ करावं लागेल, तिथे सुटका नाही.) ‘वाइल इष क्रांक बिन’ यात क्रियापद शेवटी का गेलं यावर पानंच्या पानं खर्ची पडतात; ‘कारण मी आजारी आहे’ म्हणा, शब्दाला शब्द बसतो. ‘मिर गेफेल्ट डास बुख’ म्हणजे ‘मला ते पुस्तक आवडतं’. यातलं ‘मिर’ आपलं ‘मला’च आहे. एकवीसमध्ये आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर, जर्मन माणूसही तेच करतो. अशा ठिकाणी इंग्रजी स्पष्टीकरण वाचत बसू नका, वाक्य मराठीत म्हणून बघा आणि पुढे चला.

उच्चारांच्या बाबतीत मात्र वहीत देवनागरी लिहायची सवय लावून घेऊ नका. या पानावर मला दुसरा इलाज नाही, पण माझं ‘इष’ खरं तर ना श, ना ष, ना ख. ‘ह्या’ मधला ‘ह्य’ कुजबुजत म्हणून बघा, त्याच्या बराच जवळ जाल. ‘फ्युन्फ’ म्हणजे पाच. त्यातल्या स्वरासाठी जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘ऊ’चे. ‘त्साइट’ (वेळ) म्हणताना अडखळू नका, ‘चमचा’तला च आपल्याकडे आहेच. बाकी सगळं कानाने. एकेक वाक्य ऐका, थांबवा, मोठ्याने म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ वाक्याशेजारी लावून ऐका. आपलाच आवाज ऐकायचा पहिला आठवडा लाजेत जातो, जाऊ द्या.

वेळेचं म्हणाल तर ए१ साठी गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी संस्था पाऊण तासाच्या ८० ते २०० तासिका धरते, आधी किती येतं त्यानुसार. तुमचाही पाऊणच तास आहे. टोकणारं कुणी नाही हे धरून आठ-नऊ महिने मनाशी ठेवा आणि तेवढ्यात कोर्स बदलू नका. महिन्यातून एकदा त्याच सहकाऱ्याला दोन ओळी जर्मनमध्ये लिहा. चूक दाखवायला सांगा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

प्रश्न : मी केवळ हौसेने शिकतोय, परीक्षा द्यायची नाही. मग ए१, ए२ या पायऱ्यांची फिकीर कशाला?
— एक वाचक

उत्तर : परीक्षा नका देऊ, पण नमुना प्रश्नपत्रिका जरूर सोडवा. गोएथेच्या वेबसाइटवर ए१ची ऑडिओसकट फुकट मिळते. ऐकणं साधारण २० मिनिटं, वाचन २५, लेखन २०, बोलणं १५. शंभरपैकी साठ मिळाले की पास. घरी शिकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते सांगणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण तीस शब्दांचा निरोप लिहायचा. बोलताना स्वतःची ओळख करून द्यायची आणि नाव एकेक अक्षर फोडून सांगायचं, आणि भलेभले नेमके तिथेच अडतात. विजय नावाच्या माणसाला रोमन अक्षरांतलं आपलं नाव ‘फाउ, ई, योट, आ, इप्सिलॉन’ असं सांगावं लागतं. तुमचं नाव आजच बसवून ठेवा.