उजेड कमी आणि पोरगी पळती: 30, 35 का 56?

प्रश्न: दादा, माझ्याकडे सोनी ए6400 कॅमेरा आणि सोबत आलेली 16-50 किट लेन्स आहे. मुलगी दीड वर्षाची, नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, हॉल दहा बाय बारा आणि एकच ट्यूबलाइट. संध्याकाळचे सगळे फोटो हललेले येतात. सिग्मा 30 मिमी एफ 1.4, सोनी 35 मिमी एफ 1.8 आणि सिग्मा 56 मिमी एफ 1.4 या तीन लेन्सांत अडकलोय. सोनी 35 मध्ये स्टॅबिलायझेशन आहे म्हणून मन तिकडे जातंय.
– एक बाबा, ठाणे

उत्तर: बाबा, फोटो हलतोय तो तुमच्या हातामुळे का पोरीमुळे, ते आधी बघा. मागची भिंत स्पष्ट आणि पोरगी पुसट असेल तर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही, ते तुमचा हात सावरतं, तिला थोडंच धरून ठेवणार आहे. तिच्यासाठी शटर निदान 1/250 सेकंद पाहिजे, आणि त्याला लागेल तेवढा उजेड आत घेणं किट लेन्सच्या बापाला झेपत नाही, कारण एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी, झूम पुढे नेला की ती 5.6 वर येते आणि 1.4 त्याच्या सोळापट उजेड आत घेतं!

1.4 आणि 1.8 मधला फरक मात्र लोक उगाच फुगवून सांगतात. 1.8 वर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 3200 लागत असेल तिथे 1.4 वर 2000 लागेल, बस. खरी अडचण तुमच्या भिंतींची आहे. मिमीचा आकडा मोठा तेवढी चौकट अरुंद: दहा फुटांवरून 30 मध्ये साधारण पावणेआठ फूट रुंदी बसते, 35 मध्ये साडेसहाच्या थोडी वर आणि 56 मध्ये जेमतेम सव्वाचार, म्हणजे पोरगी बसेल पण तिला घास भरवणारी आजी अर्धी कापली जाईल. 56 अप्रतिम आहे हो, ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी मागचे दिवे काय विरघळतात, पण तुमच्या हॉलमध्ये नको. शिवाय दीड मीटरवरून 56 चा 1.4 ला फोकस जेमतेम चार सेंटिमीटर खोल, एक डोळा झकास आणि कान गायब.

मी असतो तर 30 घेतली असती. सोनी 35 वजनाला जवळपास निम्मी, दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि हातात धरून व्हिडिओ काढणार असाल किंवा आरती, देव्हारा असलं स्थिर काही जास्त असेल तर तीच बरी, कारण ए6400 च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही.

पैसे टाकायच्या आधी आठवडाभर किट लेन्स 30 वरच ठेवून घरात फिरा. कॅमेरा बंद केला की ती मेली परत 16 वर जाते, तेवढा वैताग सोसा. आणि हो, सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढायची सोय) घरात बंद ठेवा, नाहीतर काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि लोक दुकानात जाऊन नव्या लेन्सवरून भांडतात.

प्रश्न: ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो टिपायला हीच 56 चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: नाही हो. पक्षी गुलाबी ठिपके दिसतील. तिथे दिवसा उजेड भरपूर असतो, 1.4 ची गरजच नाही, लेन्सची लांबी हवी, 300 मिमीच्या पुढची, सोनीची 70-350 बघा. 56 न्यायचीच असेल तर बोटीतल्या माणसांचे चेहरे काढा.