गिटारवर ब्लूज वाजवणाऱ्याने ओकिनावाच्या लोकसंगीताशी मेळ कसा घालावा?

आपण गिटारवर ब्लूज आणि अमेरिकन लोकगीते वाजवता, अलीकडे सान्शिन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीने गायलेली जपानमधल्या ओकिनावा बेटांची गाणी ऐकून भारावून गेलात, पण दोन्ही एकत्र वाजवू लागले की गाणे बेगडी वाटते, असे आपण लिहिले आहे. मी स्लाइड गिटार (तारांवर काचेची किंवा धातूची नळी सरकवून) वाजवतो आणि काही वर्षांपासून सान्शिनही शिकतो आहे. माझ्या मते दोष आपल्या हाताचा नसून गिटारवादकांच्या अंगवळणी पडलेल्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांच्या गुच्छांचा आहे.

ओकिनावाच्या बऱ्याच गाण्यांची चाल सा ग म प नी या पाच शुद्ध स्वरांवर उभी असते. तिलंग रागाच्या आरोहात हेच स्वर येतात, त्यामुळे आपल्या कानाला ते परके वाटत नाहीत. फरक इतकाच, की तिलंग उतरताना कोमल निषाद घेतो आणि ओकिनावाचे गाणे बहुतेकदा शुद्ध निषाद सोडत नाही. याउलट अमेरिकेतील पुष्कळ जुन्या लोकचाली सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाच्या स्वरांत बांधलेल्या आहेत. एकीकडे जे दोन स्वर वर्ज्य, ते दुसरीकडे हमखास हजर. आता गिटारवादक सवयीने सा, म आणि प यांच्या कॉर्ड धरतो. त्यांपैकी मध्यमाच्या कॉर्डमध्ये धैवत असतो आणि पंचमाच्या कॉर्डमध्ये रिषभ. गाण्याने जे दोन स्वर जाणूनबुजून दूर ठेवले, तेच आपण प्रत्येक आवर्तनात त्याच्यावर लादतो, आणि ग-म व नी-सा या जवळच्या जोड्यांतली सारी धार बोथट होते. त्यावर ब्लूजच्या सवयीने गंधार कोमल केला, तर गाण्याची ओळखच पुसली जाते. हे मात्र मी कटाक्षाने टाळतो.

उपाय तारा लावण्यापासूनच सुरू होतो. सान्शिनच्या तीन तारा सर्वसाधारणपणे सा, म आणि वरचा सा अशा लावतात. या पद्धतीला होन्चोशी म्हणतात. आपण गिटार खर्जाच्या तारेपासून डी ए डी जी ए डी अशी लावून डी हा षड्ज धरला, तर खुल्या तारांवर सा प सा म प सा मिळतात. त्यांतला एकही स्वर गाण्याबाहेरचा नाही, गंधार गायकासाठी मोकळा राहतो, आणि षड्ज डी ठेवलेल्या सान्शिनच्या तिन्ही तारा त्याच सप्तकात आपल्या चौथ्या, तिसऱ्या व पहिल्या तारेवर जशाच्या तशा सापडतात. ही लावणी मूळची इंग्लंडमधल्या गिटारवादकांची. पण अमेरिकेतल्या ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातले बॅंजोवादक जी डी जी सी डी अशी जी जुनी लावणी वापरतात, तिच्यातही सा प सा म प हेच स्वर आहेत आणि तिथेही गंधार नाही. हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला.

बॅंजोचे नाते इथेच संपत नाही. सान्शिनच्या पेटीवर अजगराचे कातडे मढवलेले असते, दांडीवर पडदे नसतात, आणि तर्जनीत घातलेल्या शिंगाच्या नखीने छेडलेला स्वर चटकन उमटून चटकन विरतो. बॅंजो हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांपासून घडलेले, तेही कातड्याने मढवलेले, आणि सुरुवातीच्या काळात तेही बिनपडद्याचे होते. गिटारचा लांब रेंगाळणारा आवाज या दोघांच्या मध्ये आला, की तोच सर्वांना झाकून टाकतो. म्हणून तळहाताच्या कडेने तारा किंचित दाबून वाजवा, किंवा सरळ स्लाइड घ्या.

गिटारवर स्लाइड वाजवण्याची एक जुनी परंपरा हवाईची, आणि १९०० सालापासून ओकिनावाचे लोक मजूर म्हणून हवाईत स्थायिक होत आले आहेत. ओकिनावाचे गायक शोकिची किना यांच्या १९८० च्या 'ब्लडलाइन' या अल्बमसाठी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी हवाईतच त्यांच्याबरोबर गिटार वाजवली. पुढे अमेरिकन स्लाइड गिटारवादक बॉब ब्रोझमन यांनी ओकिनावाचे ताकाशी हिरायासु यांच्यासह ताकेतोमी या तिथल्या चिमुकल्या बेटावर जे ध्वनिमुद्रण केले, ते २००० साली प्रसिद्ध झाले, आणि माझ्या दृष्टीने या मेळाचा तोच उत्तम नमुना आहे. धातूच्या रेझोनेटर गिटारचा आवाज मोठा असूनही गायकाचा शब्द कुठेच दबत नाही. कोलकात्याचे स्लाइड गिटारवादक देबाशिष भट्टाचार्य यांच्यासह वाजवणारे ब्रोझमन हेच.

एक गोष्ट मात्र मनात ठेवावी. अमेरिकन संगीत ओकिनावात पोहोचले ते युद्धाच्या पाठोपाठ. १९४५ च्या अमेरिका-जपान लढाईनंतर छावण्यांत राहणाऱ्या लोकांनी रिकाम्या डब्यांना लाकडी दांडी जोडून आणि पॅराशूटच्या दोऱ्यांच्या तारा ओढून सान्शिन बनवले. त्याला कान्कारा सान्शिन म्हणतात. बेटांचा कारभार १९७२ पर्यंत अमेरिकेकडे होता, आणि कादेना या अमेरिकी हवाई तळाजवळच्या कोझा गावात सैनिकांसाठी वाजवता वाजवता स्थानिक तरुण रॉक आणि ब्लूज शिकले. लष्करी तळ आजही तिथे आहेत आणि त्यांना होणारा विरोधही आहे. म्हणूनच या मेळात अमेरिकन वाद्याने पाहुण्यासारखे वागावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात आपण 'आसादोया युन्ता' या ताकेतोमीच्या गाण्याने करावी. युन्ता हे काम करताना दोन गटांनी आळीपाळीने म्हणायचे गीत असते, त्यामुळे त्यात एकाने गायचे आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. आधी गिटार बाजूला ठेवून ते उत्तर तोंडपाठ करा. मग पहिले कडवे सान्शिनवर किंवा नुसत्या आवाजात होऊ द्या, दुसऱ्या कडव्याला फक्त खर्जातला सा धरा, आणि उत्तराच्या जागी स्लाइडने त्या गाण्यातलेच एक-दोन स्वर घ्या. काचाशीची जलद नाचाची गाणी नंतर घ्यावीत. त्यांत ठोक्यांच्या मधल्या जागा सान्बा या लाकडी चिपळ्या आणि जमलेल्या लोकांची आरोळी भरून काढतात, तिथे गिटारने तारा दाबून तेवढाच एक ठेका धरला तरी पुरतो.