हजेरीपट भरला, पण सराव झाला का?

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात आमची लहानशी संस्था दारूच्या गुन्ह्यांत वारंवार सापडलेल्या आणि न्यायालयाने परिविक्षेवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) सोडलेल्या पुरुषांसाठी बारा सत्रांचा गटकार्यक्रम चालवते. सत्रे घेणारे सुलभक पाच आहेत, मार्गदर्शिका एकच आहे, आणि प्रत्येक सत्रानंतर सुलभक जो तक्ता भरून देतात त्यात बहुतेक रकान्यांत ‘होय’च असते. तरीही एका गटातली माणसे सावरताना दिसतात, तर दुसऱ्यातली पुन्हा मोहाच्या भट्टीवर. सत्रे ठरल्याप्रमाणे होतात की नाही, हे मोजायचे कसे?
— एक कार्यकर्ती, आर्वी तालुका

उत्तर : तक्त्यातले ‘होय’ खोटे असेलच असे नाही. मार्गदर्शिकेत, समजा, मित्राला नकार देण्याचा सराव आहे : पोळ्याच्या करीला मित्र गाडी घेऊन दारात येतो, त्याला काय उत्तर द्यायचे ते प्रत्येकाने उभे राहून करून दाखवायचे, इतरांनी सुधारणा सुचवायची आणि त्याने पुन्हा करायचे. प्रत्यक्षात सुलभक अर्धा तास दारूच्या दुष्परिणामांवर बोलतात, शेवटी एकाला उठवून विचारतात, “आता नाही म्हणशील ना?” तो म्हणतो, “हो जी.” रकान्यात नोंद होते, ‘सराव घेतला’. सुलभकाच्या मनाने तो घेतलेलाच असतो.

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात : ठरलेले घटक घेतले का, आणि ते किती कौशल्याने घेतले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बालगुन्हेगारांच्या कुटुंबांसाठीच्या एका उपचारपद्धतीचे मूल्यमापन 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कुशल समुपदेशकांकडे गेलेल्या मुलांमध्ये पुन्हा गंभीर गुन्हा करण्याचे प्रमाण सुमारे 38 टक्क्यांनी कमी आढळले, अकुशल समुपदेशकांकडे गेलेल्यांमध्ये मात्र असा लाभ दिसला नाही, जरी कार्यक्रम कागदावर एकच होता. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्लाइव्ह हॉलिन यांनी 1995 मध्ये बिघाडाचे तीन प्रकार सांगितले : कार्यक्रमाचे उद्दिष्ट नकळत सरकत जाणे, कर्मचाऱ्यांनीच त्याच्या विरोधात वागणे, आणि सुलभकाने आपल्या मर्जीने भाग गाळणे किंवा बदलणे. वर सांगितलेले प्रवचन पहिल्या प्रकारात मोडते, आणि माझ्या मते आपल्याकडे हाच सर्वाधिक होतो, कारण गावात चार लोक समोर बसले की बोलणाऱ्याला आवरणे कठीण.

उपाय एकच : कोणीतरी सत्र ऐकले पाहिजे. प्रत्येक सुलभकाच्या बारापैकी दोन-तीन सत्रांचे ध्वनिमुद्रण चिठ्ठी टाकून निवडावे, म्हणजे चांगलेच सत्र पुढे येणार नाही. ते दोघांनी स्वतंत्रपणे ऐकून गुण द्यावेत. दोघांच्या गुणांत मोठी तफावत पडत असेल, तर दोष सुलभकाचा नसून तक्त्यातील प्रश्नांचा आहे असे धरून प्रश्न नीट करावेत. “सत्र प्रभावी होते का?” असे विचारू नये, “किती जणांनी प्रत्यक्ष उभे राहून सराव केला?” असे विचारावे. ध्वनिमुद्रणाला सहभागींची संमती हवी, आणि नकार देणाऱ्याचे नाव परिविक्षा अधिकाऱ्यांपर्यंत जाणार नाही याची हमी हवी, नाहीतर ती संमती नावापुरतीच.

कापूस वेचणीच्या दिवसांत सत्र रात्री घेणे, किंवा शहरी बारऐवजी आठवडी बाजाराचे उदाहरण वऱ्हाडीत सांगणे, याला बिघाड म्हणू नये. सराव आणि त्यावरची चर्चा गाळणे हाच बिघाड.

मात्र निष्ठेने राबवलेला कार्यक्रमही निरुपयोगी असू शकतो. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांतील लैंगिक गुन्हेगारांसाठीचा प्रमुख कार्यक्रम 2017 मध्ये बंद झाला, कारण तो घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा थोडे अधिक गुन्हे केल्याचे मूल्यमापनात आढळले.

त्या दुसऱ्या गटाच्या सुलभकाला बोलावण्यापूर्वी एक नोंद तपासा : ज्यांच्यावर आधीच सर्वाधिक गुन्हे आहेत, ती माणसे त्याच गटात तर घातलेली नाहीत?