एका एकरात शंभर एकरांएवढी हळद निघू शकते का?

आपण विचारले आहे की व्हर्टिकल फार्मिंग, म्हणजे एकावर एक थर रचून केलेली शेती, आपल्याकडे करावी का, आणि एका एकरातून शंभर एकरांएवढी हळद निघते हा प्रकल्प विकणाऱ्यांचा दावा खरा मानावा का. मातीविना शेतीच्या प्रकल्पांची तांत्रिक बाजू पाहणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी आणि स्पष्ट देतो: हा दावा खरा मानू नका, आणि त्यासाठी जमीन गहाण टाकून कर्ज तर मुळीच काढू नका.

एका एकरावर पडणारे ऊन एका एकराचेच असते. त्यावर आपण अकरा थरांचा सांगाडा उभारला, तर ते ऊन वाढत नाही, फक्त वाटले जाते. हळद थोडी सावली सोसते, म्हणून तर ती नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून येते. परंतु रॅकच्या खालच्या थरांत इतका काळोख असतो की पानांना अन्नच तयार करता येत नाही, मग कंद कशावर पोसणार? सिंगापूरच्या स्काय ग्रीन्स या कंपनीने २०१२ मध्ये सूर्यप्रकाशावरची थरांची शेती सुरू केली, तेव्हा नऊ मीटर उंच सांगाड्यावरचे वाफे सतत संथपणे फिरते ठेवले, ते प्रत्येक वाफ्याला आळीपाळीने ऊन मिळावे म्हणूनच. आणि तिथे पिकवल्या त्या पालेभाज्या.

उन्हाऐवजी एलईडी दिवे लावले तर थर कितीही वाढवता येतात, हे खरे आहे. मात्र मग सगळा हिशेब विजेचा होतो. लेट्यूससाठी, म्हणजे सॅलडमधल्या कच्च्या पालेभाजीसाठी, एका चौरस मीटरला उत्तम प्रतीचे सुमारे ७० वॅटचे दिवे रोज सोळा तास लावले, तर दिवसाला १.१ युनिट वीज जाते. पाच आठवड्यांत तेवढ्या जागेत पावणेचार किलोच्या आसपास लेट्यूस निघाले, तर किलोमागे साधारण १० युनिट नुसत्या दिव्यांचे झाले. वातानुकूलन, खोलीतील दमटपणा काढणे आणि पंप यांचा खर्च वेगळाच. १० रुपये युनिट धरा, म्हणजे किलोला १०० रुपये प्रकाशाचेच. लेट्यूस तर जवळजवळ ९५ टक्के पाणी असते. ओली हळद शिजवून वाळवली की पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे तिच्यात लेट्यूसच्या चौपट कोरडा ऐवज असतो आणि तो तयार व्हायला प्रकाशही त्याच प्रमाणात लागतो. या हिशेबाने एक किलो वाळलेल्या हळदीसाठी २०० युनिट, म्हणजे २,००० रुपयांची वीज जाईल. सांगली किंवा वसमतच्या बाजारात हळद कितीही तेजीत गेली तरी हा खर्च निघणे शक्य नाही.

सौर पॅनेल बसवले तर वीज फुकट मिळेल, असे यावर हमखास सांगितले जाते. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच युनिटांच्या आसपास ऊन पडते आणि चांगले पॅनेल त्यातून जेमतेम एक युनिट वीज देते. दिवे आणि थंडावा मिळून थराच्या प्रत्येक चौरस मीटरला दीड युनिट लागत असेल, तर दहा गुंठ्यांच्या दहा थरांसाठी दीडशे गुंठे पॅनेल लागतील, म्हणजे वाचवलेली जमीन पॅनेलखाली जाईल.

तरीही हे तंत्र मला मनापासून आवडते. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवल्यामुळे पालेभाज्यांना उघड्या शेताच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक पाणी कमी लागते, आणि बंदिस्त खोलीत कीडनाशकाची गरज फारशी पडत नाही. लक्ष मात्र बारीक द्यावे लागते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असूनही लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपलेल्या दिसतात, कारण कॅल्शियम पानापर्यंत जाते ते पानातून वाफ बाहेर पडते तेव्हा. खोलीतील हवा साचली की ती वाफ अडते. अशा वेळी खताची मात्रा न वाढवता पंख्याची दिशा बदलावी लागते.

कोलंबिया विद्यापीठाचे डिक्सन डेस्पोमिये यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांसह ही कल्पना मांडली, तेव्हा शहराचे धान्य शहरातच पिकावे असे त्यांचे स्वप्न होते. पुढे भांडवल अफाट आले. पण अशी शेती करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये आणि प्लेंटीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बोवरी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदच पडली. दुबईत मात्र २०२२ पासून बुस्तानिका हा ३,३०,००० चौरस फुटांचा प्रकल्प वर्षाला हजार टन पालेभाजीच्या क्षमतेने उभा आहे, कारण तिथे गोडे पाणी दुर्मीळ, भाजी परदेशातून येणारी आणि एमिरेट्स विमानकंपनीसारखे गिऱ्हाईक घरचेच. आपल्याकडे शेडनेटखाली ऊन फुकट मिळते, याचा विचार दुबईची उदाहरणे देणाऱ्यांनी जरूर करावा.

महाराष्ट्रात हे तंत्र जिथे परवडते तिथे ते केव्हाच रुजले आहे, फक्त त्याला कोणी हे नाव देत नाही. जळगावकडची जी-९ केळीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे प्रयोगशाळेत दिव्यांखाली, थरांच्या रॅकवरच वाढतात. रोप बोटभर, वीज थोडी आणि रोगमुक्त रोपाला भाव चांगला, म्हणून ते जमते. आपल्याला सुरुवात करायचीच असेल तर रोपवाटिका किंवा जवळच्या हॉटेलांसाठी मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापायची भाजीची रोपे) इथून, एका खोलीत आणि स्वतःच्या पैशांनी करावी. हळदीचा प्रकल्प घेऊन कोणी आलेच, तर त्यांच्या चालू प्रकल्पाची गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणि बाजार समितीतील विक्रीच्या पावत्या मागा, आणि त्या हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.